आहात त्याहून बरे

ती. दाजी,

आपणास आणि ताईला वाकून नमस्कार. (इतक्या लांबून वाकलेले आपल्याला दिसणार नाही, पण वरचे वाक्य लिहिताना मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो, एवढे नमूद करतो.) आपली प्रकृती ठीक असेलच. ताईच्या गुडघ्याचे कसे आहे? ती सगळ्यांना "पाय दुखतो" म्हणून सांगते, पण दुखतो तो डावा गुडघा आणि तोही आतल्या बाजूने, आणि हे नेमके डॉक्टरांसमोर तिला सांगता येत नाही. तेव्हा पुढच्या खेपेस आपण सोबत जावे. आम्ही दोघे इकडे सुखरूप आहोत. मुलीच्या घरी खिडकीशी एक चांगले टेबल आहे, उजेड उत्तरेचा आहे, आणि सकाळी दहा ते साडेअकरा तिथे बसून नीट लिहिता येते. कालपासून मी तेच करतो आहे.

पत्राचे कारण असे. आपण पुढल्या महिन्याच्या अठरा तारखेला नातीला पाहायला निघणार. आपला हा पहिलाच विमानप्रवास. परवा फोनवर ताईने मला विचारले की विमानतळावर नक्की काय काय करावे लागते. मी सांगायला घेतले, पहिल्या रांगेपर्यंत पोहोचलो, आणि तिने "गॅसवर काहीतरी ठेवलंय" म्हणून फोन ठेवून दिला. तिने जन्मात कोणाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतलेले नाही. आपले तसे नाही. वजनमापे खात्यात चौतीस वर्षे निरीक्षक राहिलेला माणूस तपशिलाची कदर जाणतो. म्हणून हे पत्र आपल्या नावे लिहितो आहे. ते आपण एकट्याने वाचावे, ताईला मोठ्याने वाचून दाखवू नये. (त्याला आणखी एक कारण आहे. ते शेवटी येईल.)

आमचे विमान सकाळी नऊ वीसला उतरले आणि मुलीच्या लग्नाची नोंदणी त्याच दिवशी दुपारी साडेबाराला होती. असे कसे ठरवले, असे आपण म्हणाल. ठरवले नव्हते. आम्ही आदल्या दिवशी पोहोचणार होतो, पण ते विमान रद्द झाले आणि बदली मिळाले ते हे. नोंदणी कचेरीने दिलेली वेळ चुकली की पुढची सात आठवड्यांनी, आणि आमचे परतीचे तिकीट तिसऱ्या आठवड्यातले. साक्षीदार दोन लागतात. एक जावयाची आत्या, दुसरा मी. तसा दुसरा कोणीही चालला असता, पण मुलीने तीन महिने आधीच सांगून ठेवले होते, "बाबा, सही तुमचीच. तुम्ही नसलात तर मी करणार नाही." ही मुलगी लहानपणापासून असे बोलते आणि मग तसेच करते, हे आपण जाणता. विमानतळ ते कचेरी एक तास पाच मिनिटे. म्हणजे दहा मिनिटे राखून सव्वाअकराला आम्ही बाहेर पडणे आवश्यक होते. हाताशी एक तास पंचावन्न मिनिटे होती, आणि माझ्या हिशोबाने त्यातली चाळीस मिनिटे उरायची होती.

आता आपल्याला कामाचा भाग. पूर्वी म्हणे पासपोर्ट तपासायला काचेमागे माणूस बसायचा. आता त्या जागी फाटके आहेत, ओळीने बारा, आणि माणूस कुठेच दिसत नाही. पासपोर्टचे फोटोचे पान एका काचेवर पालथे घालायचे. खालून उजेड सरकतो आणि पहिले दार उघडते. आत पाऊल टाकले की ते आपल्या मागे मिटते. म्हणजे पुढे एक बंद दार, मागे एक बंद दार, मध्ये आपण. जागा आपल्या न्हाणीघराच्या निम्मी. जमिनीवर पिवळी पावले रंगवलेली आहेत, त्यांवर उभे राहायचे. (पाचव्या क्रमांकाच्या फाटकात दोन्ही पावले डावी आहेत. रंगाऱ्याने एकच साचा दोनदा वापरलेला दिसतो. रोज इतकी माणसे त्यांवर उभी राहतात, पण कोणी तक्रार केलेली नाही.) समोरच्या पडद्यात आपले तोंड दिसते. यंत्र ते तोंड आणि पासपोर्टातला फोटो ताडून पाहते. पटले तर हिरवी खूण आणि पुढचे दार उघडते. पटले नाही तर लाल फुली.

सौ. माझ्या पुढे होती. तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली नाही, पावलांकडे पाहिले नाही, समोरही धड पाहिले नाही, आणि दार उघडले. सहा सेकंद. पलीकडे जाऊन ती माझी वाट पाहत उभी राहिली, दुकानाबाहेर उभी राहते तशी.

मी चष्मा काढला, पिशवी खाली ठेवली, पावलांवर पावले ठेवली (उजव्या पायाची जरा अडचण झाली) आणि समोर पाहिले. लाल फुली. पडद्यावर सूचना आली की चेहरा स्थिर ठेवावा. दाजी, मी तीस वर्षे फोटोच्या दुकानात लोकांना चेहरा स्थिर ठेवायला सांगत आलो आहे. मला ते सांगणारे हे पहिलेच यंत्र. मी पुन्हा पासपोर्ट लावला. पुन्हा फुली. मग मी त्या यंत्राच्या उजेडाचा शांतपणे विचार केला. उजेड सपाट, समोरचा आणि थोडा खालून. अशा उजेडात कोणाचाही चेहरा ताटासारखा दिसणार. माझा फोटो काढला तेव्हा दिवा डाव्या हाताला, पंचेचाळीस अंशांत, डोक्याच्या दीड हात वर होता. म्हणून तिसऱ्या खेपेस मी हनुवटी बेताने खाली घेतली आणि चौथ्या खेपेस मोबाइलची बॅटरी लावून डावीकडून वर धरली. त्यावर यंत्राने पुढचे दार न उघडता मागचे उघडले, आणि पिवळे जाकीट घातलेला एक कर्मचारी येऊन उभा राहिला. त्याने कोपऱ्यातल्या एका टेबलाकडे बोट दाखवले. दहा वाजून दोन मिनिटे झाली होती.

इथे माझ्या विद्येविषयी थोडे लिहिणे भाग आहे, नाहीतर पुढचे कळायचे नाही. मी फोटोग्राफी कोणाकडे शिकलो नाही, हे आपल्याला माहीत आहे. कशी शिकलो ते बहुधा माहीत नसेल. एकोणीस वर्षांचा असताना रद्दीच्या दुकानात मला छायाचित्रणाचे एक जाडजूड पुस्तक मिळाले. त्याची पहिली बहात्तर पाने गेलेली होती. पुस्तक सुरू होत होते ते त्र्याहत्तराव्या पानावर, "चेहऱ्यातील दोष कसे घालवावेत" या प्रकरणापासून. त्यामुळे फोटो काढतात कसा हे कळण्याच्या आधी तो सुधारतात कसा हे मला पक्के आले, आणि उरलेले मी पुढे अंदाजाने बसवले. निगेटिव्हवर पेन्सिलीने टचिंग करणारा आमच्या भागात मी शेवटचा. कॉम्प्युटर आला तेव्हा तोही मी कोणाला न विचारता शिकलो. (एकोणीस दिवस लागले. पहिले तीन दिवस माउस उलटा धरला होता, ते यात धरलेले नाहीत.) दुकानाच्या पाटीवर "आहात त्याहून बरे" असे मी स्वतःच्या हाताने रंगवले आहे, आणि आजवर एकाही गिऱ्हाइकाने त्याबद्दल वाद घातलेला नाही. उलट तो कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला पाहा. दोन झेरॉक्सांच्या मधल्या वेळात तो माणसाला भिंतीशी उभा करतो, खट् करतो, आणि जे येईल ते कापून हातात देतो. त्याच्याकडे माणसे आहेत तशीच्या तशी येतात. त्याला मी कधी फोटोग्राफर म्हटलेले नाही.

माझा पासपोर्टचा फोटो मी दोन संध्याकाळी बसून केला. डोळ्यांखालच्या पिशव्या काढल्या. कपाळावरच्या तीन आठ्यांपैकी दोन काढल्या. (एक ठेवली, नाहीतर माणूस विचारी दिसत नाही.) उजवा कान डाव्याच्या मानाने दोन मिलिमीटर खाली आहे, तो वर घेतला. हनुवटीखालचे सैल होते ते आवळले. सौ.च्या फोटोला मात्र हात लावला नाही. लग्नानंतरच्या आमच्या पहिल्याच फोटोत मी तिच्या हनुवटीवरचा कांजिण्यांचा व्रण हौसेने पुसला होता, आणि तो फोटो हातात घेऊन तिने "ही कोण?" असे विचारले होते. तिच्या तोंडाला माझा ब्रश लावायचा नाही, हे तेव्हापासून ठरलेले आहे.

तर, टेबल. तिथे एक अधिकारी बाई होत्या. त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिले, पुन्हा फोटो पाहिला, आणि अतिशय सभ्यपणे विचारले की घाईत धाकट्या भावाचा पासपोर्ट तर आणला नाही ना. दाजी, आपल्यापाशी कशाला लपवू, त्या क्षणी मला बरे वाटले. तीस वर्षांत माझ्या हाताची इतकी निखळ स्तुती कोणी केली नव्हती. पण खिशात मुलीचा फोन थरथरायला लागला होता (तिथे फोन उचलायला मनाई आहे, भिंतीवर चित्र आहे), म्हणून मी लगेच खुलासा करायला घेतला, आणि तिथे चुकलो. कोणती आठी कुठून कुठे जात होती, कान किती वर नेला, गळा कुठे आवळला, हे सगळे मी त्यांना क्रमाने सांगितले. त्या लिहून घेत होत्या. मला वाटले, बाईंना विषयाची आवड दिसते. त्यांनी पान उलटले आणि खाली माझी सही मागितली, तेव्हा कळले की तो जबाब होता.

मग त्यांचे वरिष्ठ आले. उंच, शांत गृहस्थ, मिशीची उजवी बाजू डावीपेक्षा जरा जास्त. त्यांनी माझ्या बोटांचे ठसे घ्यायला सांगितले. मी दहाही बोटे काचेवर टेकवली आणि काच कोरी राहिली. आयुष्यभर डार्करूमच्या रसायनांत बुडवलेली बोटे ही. त्यांची टोके गारगोटीसारखी गुळगुळीत झाली आहेत, हे मलाही त्या दिवशीच समजले. धाकट्या भावाचा चेहरा आणि बिनठशाची बोटे घेऊन हिंडणारा माणूस म्हटल्यावर वरिष्ठ खुर्चीत जरा पुढे सरकून बसले. दुसरे काही ओळखपत्र? होती ना. मी चार काढून दिली: वाचनालयाचे, रक्तदात्याचे, छायाचित्रकार संघाचे आणि दुकानाच्या परवान्याचे. फोटो एकदा चांगला साधला की तोच सगळीकडे लावावा, या मताचा मी आहे. वरिष्ठांनी ती चारही पासपोर्टाशेजारी ओळीने मांडली. पाच देखणे गृहस्थ एका रांगेत आणि त्यांच्यासमोर मी.

"हे पाचही जण एकच आहेत, यात शंका नाही," वरिष्ठ म्हणाले. "प्रश्न तुमचा आहे."

दहा अठ्ठेचाळीस. मी नोंदणीचे सांगितले, सात आठवड्यांचे सांगितले, मुलीचा हट्टी स्वभाव सांगितला. ऐकून वरिष्ठांचा चेहरा मऊ झाला, नियम झाला नाही. शेवटी त्यांनी सौ.ला पलीकडून बोलावून घेतले आणि मी कोण असे विचारले. ती म्हणाली, "हे माझे मिस्टर. फोटोतले कोण ते यांनाच ठाऊक. माझी त्यांची ओळख नाही." आणि पिशवीतून मोबाइल काढून ती एक फोटो शोधू लागली. तो कोणता, हे मला तिच्या अंगठ्याच्या वेगावरूनच कळले. मी नको म्हणालो. दोनदा म्हणालो.

दोन वर्षांपूर्वी मुलीने तो दुकानात काढला होता. गिऱ्हाइकांच्या खुर्चीत, निळ्या पडद्यासमोर, भर दुपारी मी झोपलो आहे. मान उजवीकडे कलंडलेली, तोंड उघडे, चष्मा कपाळावर, हनुवटीला तीन मजले. हात हललेला, फोकस गेलेला, उजेड डोक्यावरच्या ट्यूबचा. हा फोटो पुसून टाकावा असे मी दोघींना लेखी कळवले होते.

तो वरिष्ठांनी पाहिला, बाईंनी पाहिला, पिवळ्या जाकिटवाल्यानेही वाकून पाहिला. मग वरिष्ठ म्हणाले की यांना जरा खुर्चीत बसवा. दाजी, मी आजवर हजारो माणसांना खुर्चीत बसवले आहे, मला कोणी बसवले नव्हते. रांगेतली माणसे बघत होती. अकरा वाजून तीन मिनिटे झाली होती आणि खिशातला फोन पुन्हा थरथरत होता. मी बसलो. मान टाकली, डोळे मिटले, तोंड उघडले. बाई म्हणाल्या, मान आणखी खाली. तेव्हा मिटल्या डोळ्यांनीच मी त्यांना सांगितले की मान बरोबर आहे, हनुवटी दोन बोटे वर हवी, आणि चष्मा राहिला आहे. सौ.ने चष्मा कपाळावर चढवला.

"हेच," बाई म्हणाल्या.

शिक्का उमटल्याचा आवाज मी डोळे मिटूनच ऐकला. अकरा वाजून नऊ मिनिटे.

पुढचे थोडक्यात लिहितो. सामान, टॅक्सी, एका सिग्नलला चार मिनिटे; बारा सव्वीसला कचेरीच्या पायऱ्या. (एकोणीस आहेत.) मुलगी दारातच उभी होती. उशीर का झाला, फोन का उचलला नाही, काही विचारले नाही. माझ्या कपाळावरचा चष्मा उतरवून तिने नाकावर नीट बसवला आणि हाताला धरून आत नेले. कारकुनाने साक्षीदाराचे ओळखपत्र मागितले. मी पासपोर्ट पुढे केला आणि मान आपोआप उजवीकडे जायला लागली, पण त्याने नुसता क्रमांक उतरवून घेतला. फोटोकडे पाहिलेसुद्धा नाही. इतका चांगला फोटो. मग मी सही केली. सही स्वच्छ आली आहे.

नंतर पायऱ्यांवर दोघांचा फोटो मी काढला, तो सोबत पाठवतो आहे. मुलीने आधीच बजावले होते, "बाबा, आहोत तसेच राहू द्या." जावयाचे नाक किंचित डावीकडे वळते, आणि मुलीच्या पुढच्या दोन दातांत फट आहे, जी मी तिच्या चौदा वाढदिवसांच्या फोटोंत बुजवत आलो. या फोटोत दोन्ही जागच्या जागी आहेत. मी काही केलेले नाही. (मागच्या भिंतीला ओल आली होती, ती तेवढी काढली. भिंतीला कुठे पासपोर्टावर जायचे असते.)

ताईने गुडघ्याला शेक द्यावा. आपण उत्तर सवडीने लिहावे, मात्र ती सवड या आठवड्यात काढावी.

आपला आज्ञाधारक मेहुणा

ता. क. आता मूळ मुद्द्याचे. आपला पासपोर्टचा फोटो मीच काढलेला आहे. तो पाहून आपण "बरा आलाय" म्हणाला होता आणि दोन जादा प्रती मागून घेतल्या होत्या. दाजी, आपल्या कपाळावरची केसांची सीमा मी दोन बोटे पुढे आणलेली आहे. केस आपलेच आहेत, मानेमागचे घेतले. नाकाजवळचा मसही काढला आहे. ज्या माणसाने चौतीस वर्षांत कोणा दुकानदाराला दहा ग्रॅम माफ केले नाहीत, त्याच्या डोक्यावर हे खोटे माप मी चढवले, याची क्षमा असावी. तरी आजच्या आज नवा फोटो काढून नव्या पासपोर्टासाठी तातडीचा अर्ज करावा. सतरा दिवसांत होतो, मी चौकशी केली आहे. फोटोसाठी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जावे. त्याला काहीही येत नाही. मी पाठवले असे सांगू नये. आणि पासपोर्ट वेळेत झालाच नाही, तर यंत्राच्या वाटेला न जाता सरळ माणूस शोधावा, आणि ताईकडे आपला झोपेतला एखादा फोटो असेल तर तो जवळ ठेवावा. (आहे. मी पाहिला आहे.)

ता. क. दुसरा. दुकानाची किल्ली आपल्याकडे आहेच. पाटीवर खालच्या बाजूस "पासपोर्ट फोटो तत्काळ" असे आहे, त्यावर कृपया कागद चिकटवावा. "आहात त्याहून बरे" ही ओळ झाकू नये, लग्नकार्याचे गिऱ्हाईक तिच्यावर येते. टेबलाच्या दुसऱ्या खणात एक वही आहे, तीत पासपोर्टाचे फोटो मी कोणाकोणाचे काढले त्यांची एकशे बारा नावे आहेत. जी मंडळी अजून कुठे गेली नसतील त्यांना आपण काहीतरी कारण सांगून थांबवावे. प्रत्येक नावापुढे मी काय काय काढले आणि घातले तेही लिहिले आहे. ते कोणाला दाखवू नये. विशेषतः ताईला, तिचे नाव सदतिसावे आहे. (तिलाही काहीतरी सांगून झेरॉक्सवाल्याकडे न्यावे.)

ता. क. तिसरा, माझा. दाजी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून यांच्या नकळत चार ओळी. ही या पत्राची चौथी प्रत आहे. यंत्राने यांना चार वेळा नाही, अकरा वेळा परत पाठवलं. आणि सही स्वच्छ आलेली नाही. पेन टेकवलं आणि यांना रडू आलं, शाई पसरली. कारकुनाने दुसरा कागद दिला, त्यावरही तेच. शेवटी पोरीने हात धरला तेव्हा कुठे झाली. पहिल्या प्रतीत हे सगळं होतं, दोन दिवस बसून एकेक काढून टाकलं. ती पहिली प्रत मी कचऱ्यातून उचलून ठेवली होती, ती आत घातली आहे. खाडाखोड फार आहे आणि अक्षर वाकडं आलंय, पण ताईंना तीच वाचून दाखवा. त्यात हे लगेच ओळखू येतात.